माडवण्यातील दोन मोटारसायकली आणि त्यांचे दोनशे अकरा मालक

माडवणे गावात १९८६ साली दोन मोटारसायकली होत्या. हा आकडा अधिकृत आहे. गुरांची गणती करायला आलेल्या माणसाने बैल, म्हशी आणि शेळ्या लिहून झाल्यावर कागदाच्या तळाला उरलेल्या जागेत तो लिहून नेला होता. यांपैकी एक गाडी वरच्या वाडीत आणि एक खालच्या वाडीत असल्यामुळे गावात शांतता नव्हती.

वरच्या वाडीतली शार्दूल ही हायस्कुलातला हेडक्लार्क गुरुदास याची. काळी, जाड, म्हशीच्या वजनाची.

(हरकत : ‘जाड’ऐवजी ‘भारदस्त’ वाचावे. – शार्दूल निष्ठावंत मंडळ, वरची वाडी.)

खालच्या वाडीतली तोशिमा ही काजूचा व्यापारी मधू याची. लाल, सडपातळ, जपानी इंजिनाची. शार्दूल सुरू झाली की खाडीपलीकडचे बगळे उडत. तोशिमा सुरू झाली आहे की नाही, हे बघायला मधूला कधीकधी खाली वाकावे लागे.

(हरकत : हा गुण आहे. – तोशिमा हितवर्धक संघ, खालची वाडी.)

गुरुदास आणि मधू बिगरीपासूनचे सोबती. दर रविवारी चार वाजता दोघे आपापल्या गाडीवर निघत, तारकर्लीवरून मालवणला जात, बंदरावर एक प्लेट भजी दोघांत घेत, दोन कप चहा पीत, आणि फारसे काही न बोलता दिवेलागणीला परत येत. या दोन तासांच्या भरवशावर गुरुदास उरलेला आठवडा हायस्कुलात काढत असे. हेडमास्तरांनी झापले की तो मनात वार मोजी.

आता मंडळांविषयी.

शार्दूल निष्ठावंत मंडळाचे सभासद एकशे बारा. त्यांपैकी शार्दूल असलेला सभासद एक, गुरुदास. अध्यक्ष दाजी हे निवृत्त पोस्टमन. त्यांचा आयुष्यभराचा प्रवास पायी आणि एसटीने झालेला. तोशिमा हितवर्धक संघाचे सभासद नव्व्याण्णव. अध्यक्ष बाबली. त्याच्याकडे एक सायकल होती आणि तिला चेन नव्हती. ज्यांच्याकडे गाडी होती त्या दोघांना गाड्यांविषयी विशेष मत नव्हते. गाडीवाल्याला पंक्चर, पाऊस आणि पेट्रोल यांतून मत बनवायला सवड मिळत नाही. ती उरलेल्या दोनशे नऊ जणांना होती.

पहिल्या वर्षी नुसते बोलणे होते. आमची शार्दूल घाटी कशी चढते, आमची तोशिमा लिटरला किती जाते, हे एसटीच्या थांब्यावर बसून एसटीची वाट पाहणारे लोक एकमेकांना ऐकवत. दुसऱ्या वर्षी नियमावली आली. शार्दूलवाल्याने तोशिमावाल्याला वाटेत हात करू नये. गाडी बंद पडल्यास थांबू नये. पाना, पकड, पंप उसना देऊ नये. एकमेकांच्या गाडीवर मागे बसू नये. दोन्ही मंडळांचे नियम शब्दशः सारखे होते, कारण ते हायस्कुलाच्या एकाच टाइपरायटरवर, मध्ये कार्बन घालून, गुरुदासनेच टाइप केले होते.

तिसऱ्या वर्षी वरच्या वाडीतून खालच्या वाडीत विरजण देणे बंद झाले.

याचा पहिला फटका गुरुदासची बायको यशोदा हिला बसला. तिचे माहेर खालच्या वाडीत. ती माहेरी निघाली की दाजी तिला पायरीवर थांबवून, कुठे चाललीस, किती वेळ, असे चौकशीचे प्रश्न विचारू लागले. एकदा तिने त्यांना उलटे विचारले.

“दाजीनूं, माझ्या बापाशीकडे साधी हातगाडी पण नाय. मगे मी खंयच्या कंपनीची?”

दाजींनी हा प्रश्न कार्यकारिणीकडे पाठवला. तो अजून तिथेच आहे.

रविवार मात्र चालू होता. नियमाने फक्त मागे बसणे बंद केले होते, शेजारून जाणे नव्हे. दोन्ही मंडळांनी त्याचा अर्थ शर्यत असा लावला, आणि दर रविवारी आपण जिंकल्याची नोंद दोन्हीकडे होऊ लागली. अशी वर्षे गेली असती. पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात शार्दूलची किक उलटी बसली आणि गुरुदास कमरेत वाकला तो वाकलेलाच राहिला. मालवणच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली. म्हणाले, एकतर किक सोडा, नाहीतर ताठ उभे राहणे सोडा.

गुरुदासला किकचे दुःख नव्हते. रविवारचे होते.

म्हणून पुढच्या रविवारी तो मधूच्या मागे बसला. वरच्या वाडीचा माणूस, लाल तोशिमावर, मागच्या सीटवर, पोटाशी उशी धरून भर दुपारी चार वाजता गावातून गेला. सोमवारी सकाळी त्याला नोटीस मिळाली. ती टाइप करण्यासाठी त्याच्याकडेच आली होती.

*नोटीस. आपण दिनांक ७ रोजी परक्या गाडीवर बसल्याचे अकरा जणांनी पाहिले. त्यांपैकी चौघांना त्या वेळी आपण हसताना दिसलात. खुलासा तीन दिवसांत करावा.*

*खुलासा. पाठ दुखत होती.*

*शेरा. असमाधानकारक. पाठ खाजगी आहे. गाडी सार्वजनिक आहे.*

त्या आठवड्यात मधू हायस्कुलाच्या मागच्या विहिरीपाशी गुरुदासला भेटला, आणि इकडेतिकडे बघून त्याने एक गोष्ट कबूल केली. त्याला पहिल्यापासून शार्दूलच हवी होती. तोशिमा त्याने हिशेबाच्या माणसांचे ऐकून घेतली होती.

“मायलेज बघलंय आणि फसलंय रे. मी येतंय ता कोणाक कळाकच नाय. परवा काशीबायच्या म्हशीक पण कळला नाय, ती पुढ्यात उभी. गाडी म्हंजे कशी, येवच्या आधी आवाज येवक होयो.”

“आणि ही तुझी?” गुरुदासने विचारले. “किक कशी आसा?”

“एका बोटान.”

गुरुदास म्हणाला, मग बदलूया. त्यात काय.

त्यात काय, ते पुढील महिनाभरात उघड झाले. अदलाबदलीचा अर्ज दोन्ही मंडळांनी एकाच दिवशी फेटाळला, दोन्ही अर्जदारांनी फेरविचार मागितला, आणि विषय इतका नाजूक झाला की तो देवाच्या पायाशी नेण्यावाचून इलाज राहिला नाही. रवळनाथाच्या देवळात दोन्ही वाड्या जमल्या. गुरवाने देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणे घालण्याचा मान दाजींचा, ‘व्हय म्हाराजा’ म्हणण्याचा बाकी सगळ्यांचा.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा, दोन्ही वाडये तुझ्या पायाकडे उभे आसत.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्येची काळी ती त्येका, आणि त्येची तांबडी ती ह्येका, असो अर्ज इलेलो आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्येची पाठ मोडली, त्येच्या गाडयेचो आवाज बसलो. काय असात ता तुझ्या पायाकडे. होय तर उजवो दी, नाय तर...”

उजवी पाकळी पडली. दाजींचे वाक्य पुरे व्हायच्या आत पडली. सगळ्यांनी पाहिली. गुरुदासच्या पाठीत इतक्या दिवसांत प्रथमच एक कळ यायची राहिली.

दाजींनी घसा साफ केला. अधिकृत बोलायचे असले की दाजी मालवणी बाजूला ठेवत.

“देवाने उजवा कौल दिला, याबद्दल मंडळ देवाचे आभारी आहे. मात्र अदलाबदलीस स्वतःची हरकत नाही, एवढेच देवाने कळवले आहे. मंडळाच्या हरकतीबाबत देवाने काही म्हटलेले नाही.”

“अनुमोदन,” खांबाजवळून बाबली म्हणाला.

शार्दूलच्या बोलण्याला तोशिमाने दिलेले हे इतिहासातले पहिले अनुमोदन. लोकांचे डोळे भरून आले. लगेच संयुक्त ठराव झाला तो असा : शार्दूल वरच्या वाडीतून हलणार नाही आणि तोशिमा खालच्या वाडीतून हलणार नाही. गाड्या बदलण्यास मनाई आहे. मालकांनी हवे तर वाड्या बदलाव्यात. गुरुदासने मधूच्या घरात जावे, मधूने गुरुदासच्या. घरे जशीच्या तशी, माणसांसकट, मागे ठेवावीत.

“मगे घोव पण बदलूचो काय,” बायकांच्या बाजूने यशोदा म्हणाली, “ताय आताच लिवून घ्या.”

ठरावात तशी स्पष्ट तरतूद नसल्याचे तिला सांगण्यात आले. पोटनियम मागाहून करता येईल.

त्या संध्याकाळी गुरुदास ओटीवर पालथा पडून होता आणि यशोदा त्याच्या पाठीला तेल लावत होती. तो म्हणाला, रविवार संपला. येत्या रविवारपासून मी घरी. यशोदाने तेलाची वाटी खाली ठेवली.

“तुमी दोघे शिकलेले, पण अक्कल नाय. त्या लोकांक गाडी खंय होयी? त्येंका नाव होया. नाव देवन टाका.”

गाडीचे नाव म्हणजे टाकीच्या दोन बाजूंना लावलेल्या पत्र्याच्या दोन पट्ट्या. प्रत्येकीला दोन स्क्रू. मंगळवारी दुपारी, गाव जेवून आडवे झाले असताना, मधूच्या काजूच्या गोदामात आठ स्क्रू निघाले आणि आठ स्क्रू बसले. गुरुदास लाल, सडपातळ गाडीवर बसला. तिच्या टाकीवर लिहिले होते : शार्दूल. एका बोटाने म्हणतात तशी किक बसली. गोदामाबाहेर पडताना त्याला वाटले, आता दगड येणार.

थांब्यावर दाजी उभे होते. गुरुदासने गाडी थांबवली, कारण पळून जाणे अधिक संशयास्पद दिसले असते. दाजी गाडीभोवती एकदा फिरले. लाल टाकीवरून त्यांनी हात फिरवला. हात नावापाशी आल्यावर तो थांबला.

“रंग बरो काढलंस,” दाजी म्हणाले. “सर्विसिंग पण केलंस मां? आवाज मऊ येता.”

महिन्याभरात सर्व काही नियमित झाले. वरच्या वाडीच्या सभेत दाजींनी जाहीर केले की, आवाज न करता चालण्याची विद्या अखेर शार्दूलने साध्य केली असून तोशिमाला ती सात जन्मांत जमणार नाही. खालच्या वाडीत बाबलीने सांगितले की तोशिमा आता भरली, वजनदार झाली, तिला कंठ फुटला. नाहीतर ती शार्दूल बघा, किरकोळ. शार्दूलवाले मायलेजची स्तुती करू लागले, तोशिमावाले वजनाची. आपण हेच म्हणत आलो आहोत, असे दोन्हीकडच्या जाणत्यांना आठवत होते. जुन्या इतिवृत्तांत याच्या उलट मजकूर सापडल्यामुळे ती दुरुस्त करण्यात आली. दुरुस्त्या गुरुदासने टाइप केल्या.

आणि रविवार परत आले. लाल पुढे, काळी मागे, बंदर, भजी, चहा. मधू वळणा-वळणावर उगाच वेग वाढवून आवाज काढी आणि माडांवरचे कावळे उडवी. गुरुदासची पाठ ताठ झाली. तो हायस्कुलात पुन्हा वार मोजू लागला.

दिवाळीनंतर मंडळाने त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र : ‘आजारपणातही आपण शार्दूल सोडली नाहीत.’ एकशे अकरा माणसे टाळ्या वाजवत होती. गुरुदासला चार शब्द बोलावे लागले. ते चार शब्द वीस मिनिटे चालले. घरी येताना यशोदाने विचारले, भाषणात तुम्ही तोशिमाला ‘डबडा’ म्हणालात, ते कोणत्या तोशिमाला? गुरुदास म्हणाला, तसे बोलावे लागते.

पुढच्या रविवारी बंदरावर भजी खाता-खाता तो मधूला म्हणाला, तुमच्या गाडीचा धूर जरा जास्तच येतो.

“तुझीच मां रे ती,” मधू म्हणाला. “इंजिन तुझा. नाव तेवढा माझा.”

“ता खरा,” गुरुदास म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “तरी पण.”

त्या दिवशी प्लेटमधले शेवटचे भजे तसेच राहिले. दोघांनीही ते दुसऱ्यासाठी ठेवले होते, की कोणालाच नको होते, हे वेटरला सांगता आले नाही.

पौषातला रविवार. मधूला मालवणात काजूच्या एका गिऱ्हाइकाकडे जायचे होते म्हणून तो तासभर आधी निघाला. गुरुदास नेहमीच्या चारच्या सुमाराला. तारकर्लीच्या पुढे सुरूच्या झाडांपाशी त्याला लांबून एक काळी, जाड मोटारसायकल कडेला उभी दिसली. शेजारी एक माणूस किक मारत होता. एक, दोन, तीन. चौथी उलटी बसली. माणसाने एका हाताने कंबर धरली आणि दुसरा वर केला.

गुरुदासला टाकीवरचे नाव वाचता आले. तोशिमा.

त्याचा पाय ब्रेककडे गेला नाही. नियम त्याने स्वतः टाइप केला होता, पण तो त्या क्षणी आठवलाही नाही. आठवावा लागला नाही. गाडी मऊ आवाजात पुढे गेली. जाता-जाता त्याच्या तोंडून आपोआप निघाले, “तोशिमा ती तोशिमाच.”

दोन-अडीच फर्लांगांवर त्याच्या ध्यानात आले की, त्या किकला तो स्वतः अकरा वर्षे ओळखत होता. वर केलेला तो हातही तो बिगरीपासून ओळखत होता. आरशात मधू अजून दिसत होता, नखाएवढा. हात वर होता की खाली आला होता, ते तेवढ्या अंतरावरून कळत नव्हते. समोर मालवणचा रस्ता मोकळा होता. मागून शार्दूल मंडळाचे चार सभासद असलेली एसटी येत होती, आणि खिडकीतून कोणीतरी त्याला हात दाखवत होते. गुरुदासने गाडीचा वेग कमी केला.

तो मागे वळला की नाही, अशी चौकशी वाचकांकडून होणे साहजिक आहे. चौकशीसाठी दोन्ही मंडळांनी मिळून खालील नमुना मंजूर केला आहे. तो स्वच्छ अक्षरांत भरावा.

१. संपूर्ण नाव :

२. आपण कोणत्या गाडीचे :

३. ती गाडी आपल्याकडे आहे काय? (नसल्यास मत अधिक ठामपणे मांडावे.)

४. रस्त्यात शेवटचे कोणासाठी थांबलात? (त्यांची गाडी कोणती होती ते आधी लिहावे.)

गुरुदासने काय केले, ते रकाना दोन पाहून, ज्याला त्याला पटेल असे, कळवण्यात येईल.