गौरावहिनींचा पहिला गुत्ता

आमच्या गौरावहिनी चुना चाखायच्या. पानाला लावायचा नव्हे, भिंतीचा. आमटीत मीठ बरोबर पडलंय का हे बाकीच्या बायका जशा बघतात, तशा वहिनी घाणीत, म्हणजे बैल ओढतात त्या दगडी चाकाखाली, मळलेला चुना करंगळीच्या टोकावर घ्यायच्या, जिभेला लावायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. आजूबाजूचे गवंडी, बिगारी, बैल, सगळे गप्प. मग चूळ भरून निकाल. "मुरला न्हाय अजून. आठ दिस ऱ्हाऊ द्या."

ही सवय कामापुरती असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही तामलवाडीला गेलो, तेव्हा मुलगी पाटावर येऊन बसली आणि वहिनींचं लक्ष तिच्या मागच्या भिंतीकडं. मी डोळ्यांनी नको नको म्हणतोय, तोवर त्या उठल्या, नखानं गिलावा खरवडला आणि जिभेवर ठेवला. "मुलगी लई चांगली हाय," त्या मुलीच्या वडलांना म्हणाल्या, "पर भिंतीत चुना कमी, राख जास्त. कुनी फसवलं तुमाला?" आम्ही जेवण न करता परत आलो. पुढच्या श्रावणात ती भिंत बसली. मुलीचे वडील स्वतः आमच्या गावी, तेरला आले आणि वहिनींना म्हणाले, "बाई, भिंत तुम्हीच बांधा, आणि मुलगीबी तुम्हीच न्या." माझं लग्न आणि ती भिंत एकाच महिन्यात उभी राहिली.

पण ही नंतरची गोष्ट. तोवर वहिनी गुत्तेदार म्हणून चांगल्याच नावारूपाला आल्या होत्या. आमच्याकडं ठेकेदाराला गुत्तेदार म्हणत, निजामाच्या राज्यातला शब्द. त्यांचा पहिला गुत्ता कसा मिळाला, हे सांगायला मी इतका उतावीळ झालोय की मुलगी बघण्यापासूनच सुरुवात करून बसलो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर नळदुर्गच्या बाजूला, घरात कानडी बोलणारं, आणि वडलांची चुन्याची भट्टी. तिथंच त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. मराठी आमच्यासारखंच बोलायच्या, पण मनापासूनचा होकार आणि नकार कानडीतच निघायचा. पसंत पडलं की 'हौदु', नाही पडलं की 'इल्ल'. दादा गेला त्याला तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघंच. त्या आमचं किराणाचं छोटं दुकान सांभाळायच्या आणि मी उर्दू शाळेतली सातवी दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा काय करावं याचा विचार करत बसायचो.

एका दुपारी मी जेवता जेवता सहज बातमी सांगितली. चावडीवर सरकारी कागद लागलाय. तेरला दवाखाना बांधायचाय. ज्याला गुत्ता पाहिजे त्यानं उस्मानाबादला दरखास्त द्यावी.

वहिनींचा भाकरी थापायचा हात थांबला.

"भावजी, आपन घ्यायचा."

"काय?"

"गुत्ता."

मी हसलो. इतका हसलो की ठसका लागला. वहिनी हसल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. असं या घरात आधी कधी झालं नव्हतं, म्हणून मी हसायचा थांबलो.

"वहिनी, बाईमाणसाला देत न्हाईत गुत्ता."

"नगा देऊ म्हनावं. तुमाला देतेत की."

"मला? मला वीट आणि दगड यातला फरक कळत न्हाई."

"पर उर्दू कळती का न्हाई? झालं तर मग. अर्ज तुमी लिवा, काम म्या बघते."

अशा रीतीनं मी करपलेली भाकरी खाता खाता गुत्तेदार झालो.

पुढचे पंधरा दिवस वहिनींनी माझी शिकवणी घेतली. पाया किती खोल, जोतं किती उंच, कमानीला दगड कसा घडवायचा. दुकानात गिऱ्हाईक गूळ मागायचं आणि मी 'दीड हात' म्हणायचो. वहिनींच्या अंगात मात्र वारं शिरलं होतं. चालता चालता ओढ्यातली वाळू मुठीत घेऊन कानाशी चोळायच्या. करकर वाजली की 'हौदु!' नाही वाजली की फेकून देऊन पुढं. गावातल्या बायका म्हणायच्या, गौराबाईला काहीतरी झालंय. झालंच होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी भरभर चालताना बघत होतो.

उस्मानाबादला तामीरातच्या, म्हणजे बांधकाम खात्याच्या, साहेबांपुढं मी उभा राहिलो. वहिनी दाराच्या बाहेर, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. साहेब हैदराबादकडचे, गोरेपान, तोंडात पान. त्यांनी माझा अर्ज वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि एकदम विचारलं, एक घमेलं चुन्याला वाळू किती घालणार?

माझ्या डोक्यात फक्त गूळ उरला होता. "पाच," मी म्हणालो.

बाहेरून खोकला ऐकू आला.

"चार," मी म्हणालो.

पुन्हा खोकला. जरा मोठा.

"तीन."

आता तर उबळच आली.

"दोन!"

बाहेर शांत. मी छाती पुढं काढून म्हणालो, "दोनच, साहेब. दोनाच्या वर न्हाई."

साहेबांनी पान गालात सारलं, दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. अर्जावर सही करत म्हणाले, "काम शुरू करो. और जिनकू खांसी है, उनकू रोज काम पे लेके आओ."

परत येताना बैलगाडीत वहिनी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. तेरची तेरणा नदी दिसली तेव्हा मात्र खुदकन हसल्या आणि मग गाव येईपर्यंत त्यांचं हसू थांबेना. गाडीवान मागं वळून वळून बघत होता.

काम सुरू झालं. वडारांनी दगड फोडला, चुन्याची घाणी फिरू लागली, आणि धोंडिबा मिस्त्री आपली थापी घेऊन आले. धोंडिबांनी आयुष्यात वाकडी भिंत बांधली नव्हती आणि बाईचा हुकूम ऐकला नव्हता. पहिल्या दिवशी पहिली गोष्ट तशीच राहिली. दुसरी बदलली.

साहेबांची अट होती, मृगाच्या आत भिंती छतापर्यंत आल्या पाहिजेत. नाहीतर काम दुसऱ्या गुत्तेदाराकडं जाणार. वैशाख निम्मा सरला तेव्हा एक कोपरा पुरुषभर उंच झाला होता. सकाळी वहिनी आल्या, सांध्यातला चुना उकरून जिभेवर ठेवला. डोळे मिटले. ते लवकर उघडलेच नाहीत.

"इल्ल," त्या म्हणाल्या. "पाडा."

"काय पाडा?" धोंडिबांनी ओळंबा सोडून दाखवला. दोरी केसाइतकीही हलत नव्हती. "दाखवा कुठं वाकडी हाय ते."

"पाडा म्हनलं ना मिस्त्री."

धोंडिबांनी थापी जमिनीवर टाकली आणि घरी निघून गेले. त्यांच्या मागोमाग बाकीचे गवंडी. बैल तेवढे घाणीपाशी उभे राहिले, कारण ते जुंपलेले होते.

चार दिवस काम बंद. आभाळात कापसासारखे ढग जमायला लागले. मी म्हणालो, "वहिनी, भिंत सरळ हाय. सगळं गाव बघून गेलं. मिस्त्रींची माफी मागून टाका." त्या उठून घाणीकडं गेल्या. पाचव्या दिवशी सकाळी पळसाच्या पानावर चुन्याचा गोळा घेतला आणि मला म्हणाल्या, "चला."

धोंडिबा अंगणात बसले होते. उठले नाहीत. वहिनींनी पान त्यांच्यापुढं ठेवलं.

"मिस्त्री, जिभेला लावून बघा."

"मला काय याड लागलंय?"

"थोडाच. नखावर."

म्हाताऱ्यानं वैतागून लावला आणि "आगं आई!" करत उठला. जीभ चरचरली होती.

"भिंत तुमची सरळच हाय," वहिनी म्हणाल्या. "चुना माजा कच्चा हाय. मृग गाठायचा म्हनून म्या घाई केली, मुरू दिला न्हाय. पावसात फुगंल, भिंत फाकंल. चूक माजी."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"समद्यांपुढं लाज वाटली, मिस्त्री. पैलंच काम हाय."

धोंडिबा बराच वेळ जीभ बाहेर काढून वारा घेत राहिले. मग आत वळून बायकोला हाक मारली, "माझी पगडी दे. आणि बाईंना ताक दे." त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं तो कोपरा पाडला. दुसरीकडं मुरत घातलेला चुना तोवर तयार झाला होता. मग काय काम चाललं म्हणता! वडारणी, गवंडी, मी, सगळेच पळत होतो. मीसुद्धा पाट्या उचलल्या. मृगाचा पहिला थेंब पडला तेव्हा शेवटच्या भिंतीवरून धोंडिबा ओरडले, "हौदु!" त्यांना कानडी येत नव्हती.

दिवाळीच्या सुमाराला साहेब इमारत बघायला आले. छत बघितलं, फरशी बघितली, भिंतीवर काठी आपटून बघितली, खूश झाले. मग बाहेरून फेरी मारताना थबकले. रोग्यांच्या खोलीच्या खिडकीखाली, लांबच्या लांब, दगडी ओटा. त्यावर पत्र्याचं छप्पर.

"नक्शे में तो नहीं है ये. किसने बोला बनाने कू?"

हा ओटा बांधताना मी वहिनींना दोनदा टोकलं होतं. "तुमी नकाशा बघा, म्या काम बघते," एवढंच उत्तर मिळालं होतं. साहेबांना पटलं नाही, तर सगळं काम नामंजूर होऊ शकत होतं. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी पुढं आल्या. साहेबांशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"म्या बांधला, साहेब. माजे मालक, ह्या भावजींचे भाऊ, आजारी व्हते तवा म्या त्यास्नी गाडीत घालून परगावच्या दवाखान्यात नेलं. चार दिस. आत बायामान्सांना बसू देत नव्हते. भाईर ऊन. बसाय जागा न्हाय. चौथ्या दिवशी म्या रस्त्याच्या पल्याड लिंबाखाली सावलीला गेले. जरा वेळच." त्यांनी पदर नीट केला. "तवा त्यांनी आतून हाक मारली म्हनं. दोनदा. शेजारच्या खाटंवरच्यानं सांगितलं मला. म्या लिंबाखाली व्हते."

मी तेव्हा परीक्षेला गेलो होतो. परत आलो तेव्हा सगळं संपलं होतं, आणि तीन वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं.

साहेब पुढं झाले. ओट्यावर बसले. खिडकीकडं मान वळवून बघितलं. मग हलक्या आवाजात मला म्हणाले, "अंदर जाओ. आहिस्ता से कुछ बोलो."

मी आत गेलो. खाटा अजून आल्या नव्हत्या. नव्या चुन्याचा वास होता. खाट जिथं येईल तिथं उभा राहिलो आणि काय बोलावं सुचेना. शेवटी आजारी माणूस बोलेल तसं, अगदी हळू म्हणालो, "वहिनी."

"आले!" बाहेरून लगेच आवाज आला.

मी काही त्यांना बोलावलं नव्हतं. नुसतं ऐकू जातं का ते बघितलं होतं. पण त्या ओट्याला वळसा घालून, पायऱ्या चढून, धावत आत आल्या आणि दारात उभ्या राहून धापा टाकत त्या रिकाम्या खोलीकडं बघत राहिल्या.