दाजी देवाला विचारतात

डिसेंबर २००९, बुधवार, दुपार. रक्कम पंचेचाळीस हजार रुपये. ठिकाण आमच्या गावच्या रवळनाथाचं देऊळ. हजर: दाजी तारी, बाळा गुरव, मदतसंस्थेच्या ब्रिजेट मॅडम आणि गावच्या वादळ-समितीचा खजिनदार म्हणून मी. हे पंचेचाळीस हजार अडकून बसले होते एका पाकळीवर.

पाकळीचं आधी सांगतो. आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव फुलाची पाकळी भिजवून देवाच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लोक हे लग्न, विहीर, घराचा पाया अशा मोठ्या कामांसाठी करतात. दाजी तारी सगळ्यासाठी करतात. छत्री काळी घेऊ की निळी, डोक्याला तेल लावू की नको, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची की कापायची, सगळं रवळनाथाला विचारून.

एकदा पाचची एसटी येणार की नाही, हे विचारायला ते देवळात गेले. बाळा पाकळ्या चिकटवतो आहे तोवर एसटी आली आणि गेली. स्टॉपवर आम्ही हसलो, तर दाजी शांतपणे म्हणाले, "देवान उजवो दिलो. येतली म्हणालो, ती इली. थांबतली काय, ता मी इचारूक नव्हतंय."

दाजी साठी उलटलेले, अंगाने काटक, एका लहान होडीचे मालक. मुलगी लग्न होऊन मुंबईला. घरात एकटेच. त्या वर्षी दिवाळीनंतर वादळ आलं आणि त्यांची होडी खडकावर आपटून दोन तुकडे झाली. गावातल्या आणखी काही होड्या गेल्या, जाळी तर कितीतरी गेली. सरकारी पंचनामे झाले. आणि मग तळेऱ्याच्या फाट्यावरून एक पांढरी जीप आली. परदेशातल्या एका ख्रिस्ती मदतसंस्थेची.

ब्रिजेट मॅडम वसईच्या. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. शाळेच्या पडवीत पहिली सभा झाली. सुरुवातीला त्यांनी मिनिटभर डोळे मिटून मान खाली घातली.  दाजी काळजीने म्हणाले, "मॅडमांची झोप होवक नाय वाटता."

"प्रार्थना करते, काका," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "तुम्ही बोललात तरी चालेल."

मागून कोणीतरी ओरडलं, "गाडीत पाव आसत काय बगा रे!" विहिरीत पाव टाकून माणसं बाटवल्याच्या गोव्याकडच्या गोष्टी आमच्याकडे अजून ताज्या आहेत. गाडीत जाळ्यांचे नमुने आणि ग्लुकोजची बिस्किटं निघाली. तरी चहाला कोणी हात लावेना. चहा गार होत होता आणि मॅडमच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण हातातल्या पेनाचं टोपण त्या सारखं काढत-लावत होत्या.

दाजी उठून गेले. देऊळ शाळेला लागूनच. थोड्या वेळाने परत आले, कप उचलला आणि एका दमात संपवला.

"उजवो," ते सभेला म्हणाले. "चायच्या बाबतीत देवाचा काय म्हणणा नाय."

मग सगळ्यांनी चहा घेतला. मॅडमचं अर्धं काम त्या कपाने केलं, असं मी आजही मानतो.

संस्थेचा नियम साधा होता. कुणाला काय हवं ते ज्याचं त्याने ठरवायचं. होडी गेलेल्याला पंचेचाळीस हजार, पण संस्था सल्ला देणार नाही. होडी हवी तर होडी, जाळं हवं तर जाळं, दुसरा धंदा हवा तर तेवढ्याच रकमेचा माल. बाकीच्यांनी दोन दिवसांत ठरवलं. दाजींचं ठरेना. मुलगी फोनवरून रडत होती, "बाबा, आता एकट्यान दर्यात जाव नकात. दुकान घाला." किनाऱ्यावर पर्यटक वाढले होते, सरबताचं दुकान चाललं असतं. दुसरीकडे दाजी रोज सकाळी फुटक्या होडीजवळ जाऊन उभे राहत आणि परत येत.

बुधवार हा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी यादी वरच्या कचेरीत जायची होती. नाव नसेल तर मदत नाही, आणि पुन्हा संधीही नाही.

बाळाने पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होडी, डावी पडली तर दुकान. मॅडम चपला काढून बाहेरच्या पायरीवर बसल्या.

"मॅडम, आत इलात तरी चलात," बाळा म्हणाला. "देवाक काय हरकत नाय."

"ह्या तुका देवान कधी सांगल्यान?" दाजी म्हणाले.

"सगळा तुकाच सांगता काय?"

मॅडम आत येऊन बसल्या. पाकळ्या हलेनात. जीपच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. बाळाचा संयम संपला.

"दाजी, काल कोलमीच्या सारात आंबटाक सोला घालू काय म्हणान इचारलस. परवा उशी खंयच्या बाजूक घेव म्हणान इचारलस. देव बेजारलो मरे!"

मॅडम म्हणाल्या, "काका, मला अंधाराआधी तळेरं गाठायचंय. तुमच्या मनात काय आहे?"

"मनात होडी आसा."

"मग होडी लिहू?"

"तसा कसा? इचारल्याशिवाय?"

मी समितीचा माणूस. मला डोळ्यांसमोर पंचेचाळीस हजार जाताना दिसत होते. मी चिडलो. "दाजीनू, मनात आसा तर सही करा! ह्या इचारूचा खूळ तुमका लागला कधीपासून?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता.

"घरकारीण होती तेव्हा तिका इचारत होतंय," ते म्हणाले. "जाळा घेव काय? होडी रंगवू काय? ती कधी व्हय म्हणाक नाय, कधी नको म्हणाक नाय. चुलीकडसून 'बगा तुमी' म्हणाची. तेवढा कानार इला की माझा ठरा. ती गेली. मगे इचारूचा कोणाक? देऊळ उघडा आसता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी खांबाकडे बघत राहिलो. 

बाळा गुरव आमच्याकडे पाठ करून समईची वात सारत होता. जन्मभर दाजींना त्याने अरे-तुरे केलं. मान न वळवता तो म्हणाला, "बगा तुमी."

 दाजी उठले, धोतराला हात पुसले आणि मॅडमच्या पुढ्यात येऊन म्हणाले, "होडी." सही केली.  जीप निघाली तेव्हा उजेड होता.

दाजी मॅडमना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले होते, तेवढ्यात गाभाऱ्यात पाकळी पडली. डावी.

बाळाने ती उचलून मुठीत घेतली आणि माझ्याकडे बघितलं. "भाऊ, काय बगलंस?"

"काय नाय."

"ठरल्यार पडलेलो कौल धरूचो नसता."

"असो नियम आसा?"

"आत्ता केलंय."

मी हिशेबाचा माणूस आहे, खोटं सहसा लिहीत नाही. पण हे लिहायला कुठे रकानाच नव्हता, त्यामुळे अडचण आली नाही.

मार्चमध्ये होडी पाण्यात गेली. दाजी किनाऱ्यावरची माडांची रांग दिसेल इतपतच आत जातात आणि उन्हं चढायच्या आत परत येतात. मी मुलीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "बरा झाला."

पंचेचाळीस हजारांचा चेक संस्थेने थेट होडी बांधणाऱ्या मेस्त्रीच्या नावे दिला. राहिली गुरवाची दक्षिणा. कौल लावला की गुरवाला एक नारळ द्यायचा, अशी आमची रीत आहे. तो घेऊन दाजी त्या बुधवारी संध्याकाळीच बाळाच्या पडवीत गेले होते. बाळाने घेतला नाही.

"देवान काय सांगूकच नाय," तो म्हणाला, "मगे नारळ कसलो?" आणि तो त्याने दाजींच्या पिशवीत परत घातला.