इंग्लंडचा जाणकार आणि चर्चची घंटा

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतल्या जुन्या चर्चबद्दल काही विचारायचं असेल, तर टोकियोतल्या आमच्या ऑफिसात एकच माणूस आहे. मी! हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, पण सांगतो मीच. टोकियोला लागून असलेल्या उरायासुला राहायला येण्याआधी मी इंग्लंडात प्रोजेक्टवर होतो. रोज बसमधून एका खेड्यातलं आठशे वर्षांचं चर्च दिसायचं. म्हणजे डावीकडची खिडकी मिळाली तर. आत मात्र मी एकदाही गेलो नाही, कारण बस तिथे थांबत नसे. एवढ्याशा भांडवलावर मी जेवणाच्या सुट्टीत इतकं बोललोय की आमच्या टीमला मी तिथेच लहानाचा मोठा झालो असं वाटतं.

त्यामुळे टीममधल्या साकामोतो-सानचं (‘सान’ म्हणजे आपलं ‘राव’) लग्न ठरलं तेव्हा तो थेट माझ्याकडे आला. आमच्याच चिबा प्रांताच्या डोंगरात कोणी हौशी माणसाने अख्खं इंग्लिश खेडं बांधलंय. दगडी कुंपणं, लाल पोस्टाची पेटी, गवताच्या छपराखाली कोल्ड्रिंकचं मशीन आणि मधोमध चर्च, ज्याचे काही दगड म्हणे खरंच तिकडून बोटीने आलेत. लग्न तिथे. अस्सल चर्चभोवती कबरी असतात आणि त्या इथे दिसत नाहीत, एवढी उणीव मी फोटो बघताक्षणी दाखवून दिली.

मग त्याने खरी अडचण सांगितली. नवरी मियुकी. तिला आई नाही. वडील होशिनो-सान, आओमोरीकडचे सफरचंदांचे बागायतदार. लेकीचा हात धरून तिला चर्चमधून चालत न्यायचं, एवढी एकच त्यांची इच्छा. पण परक्यांच्या रीतीत आपलं काही चुकलं तर चारचौघांत लेकीची मान खाली जाईल, या धास्तीने त्यांनी "मी मागेच बसतो" असं धरून ठेवलेलं. मियुकी रोज रडत होती. शेवटी साकामोतो-सानने त्यांना माझं नाव सांगितलं. इंग्लंडचा जाणकार तिथे असेल, तो करेल तसं करा.

"मयूरेश-सान, ते फक्त तुमच्या भरवशावर तयार झालेत," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुम्ही निश्चिंत राहा."

लग्नाच्या दिवशी सगळी तयारी नजरेखालून घालावी म्हणून मी आणि माझी बायको केतकी लवकर पोचलो. पाहुणे हिरवळीवर उभे होते, प्रत्येकाच्या हातात फुलांच्या पाकळ्यांची टोपली. मी चर्चच्या दाराशी गेलो आणि बूट काढले. देवाचं घर, त्यात इतकी वर्षं जपानात! बूट काढायचे की नाही हा प्रश्न माझ्या डोक्यापर्यंत जातच नाही, पाय परस्पर निकाल लावतात.

आत शिरल्याशिरल्या मनोऱ्याखाली एक जाडजूड दोर लोंबत होता. आता मला सांगा, देवळात पाऊल टाकल्यावर घंटा न वाजवता पुढे गेलेला मराठी माणूस तुम्ही पाहिलाय? त्यात आमच्या घराजवळच्या जपानी देवळातही दोर ओढूनच घंटा वाजवतात. केतकी म्हणेपर्यंत, "अरे, हात नको लावूस," माझा हात गेला होता.

हळूच ओढला, काही नाही. म्हटलं, देवाला आपण आलोय ते कळायला तर हवं! दोन्ही हातांनी ओढला. वर काहीतरी प्रचंड मोठं हललं, घंटेचा टोला साऱ्या डोंगरात घुमला आणि दोर सरसर वर निघाला. शहाणा माणूस अशा वेळी दोर सोडतो. मी घट्ट धरला. दोन फूट वर जाऊन मी धप्पकन खाली आलो, तेव्हा केतकीने मला कॉलरला धरून उभं केलं.

घंटा म्हणजे लग्न लागलं, हा तिथला ठरलेला इशारा होता. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण जाणकाराला कोण सांगणार? गाणाऱ्या बायकांनी मंगल गाणं सुरू केलं. स्वयंपाकघरातून सूप निघालं. दरवाजे सताड उघडले गेले, आणि ठरलं होतं ते ठरलं होतं म्हणून पाहुण्यांनी सगळ्या पाकळ्या आमच्यावर उधळल्या. अभिनंदनही केलं. केतकी आमच्या लग्नात करत होती तसा वाकून नमस्कार करत सुटली. फोटोवाला तर मी दोराला लोंबलो तेव्हापासूनच फोटो काढत होता.

नेमकी तेव्हाच नवरीची गाडी आली.

होशिनो-सान उतरले. त्यांनी माझ्याकडे डोक्यापासून मोज्यांपर्यंत नीट पाहिलं, मान डोलावली आणि नवेकोरे बूट काढून दाराशी सरळ लावून ठेवले. मग आत जाऊन दोर ओढला. त्यांनी तो योग्य वेळी सोडला. मागोमाग सगळे पाहुणे बूट काढून घंटेसाठी रांगेत उभे राहिले. सूप परत आत गेलं. तिथल्या मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला.

साकामोतो-सान माझ्या कानाशी आला. "मयूरेश-सान, ही तिकडचीच रीत ना?"

होशिनो-सान लेकीचा हात धरून थांबले होते. त्यांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. खरं बोललो असतो तर ते तिथूनच मागे फिरले असते.

"अगदी तिकडचीच," मी म्हणालो.

तेवढ्यात माझं लक्ष समोर गेलं. पाद्री उभा होता. गोरापान, खराखुरा इंग्रज, खेड्यातल्या चर्चशेजारीच वाढलेला! त्याने माझ्याकडे पाहिलं. दाराशी लावलेल्या बुटांच्या रांगांकडे पाहिलं. मग मोज्यांवर ताठ उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि खाली बसून आपल्या बुटांची नाडी सोडली.

होशिनो-सान चालले. सावकाश, एकदाही न अडखळता. लेक रडत होती, तेही रडत होते, आणि खरं सांगतो, मीही रडत होतो. सूप गार झालं, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जेवताना पाद्र्याने इंग्लंडात नक्की कुठे होतात असं मला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तोंडात मोठा घास घेतला.

गेल्या आठवड्यात त्या चर्चचं नवं माहितीपत्रक आलं. आता तिथे दाराशी बूट काढून घंटा वाजवण्याचा खास विधी असतो. इंग्लंडच्या खेड्यांतली शेकडो वर्षांची परंपरा म्हणून. वर पानभर माझा फोटो आहे, दोराला लोंबताना. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे, ते अगदी स्पष्ट आलंय. ते तरी परंपरेत धरलेलं नसावं!