उजवा हात मांडीखाली

"भरलेला चहाचा कप बॉनेटवर ठेवा आन गाडी सडकेपास्नं माझ्या उंबऱ्यापतूर आणा. एक थेंब सांडला तर मिशी उतरवून ठेवतो," असं हवालदार जोतिबांनी पलूसच्या बाजारात चार माणसांदेखत सांगितलं, तेव्हा त्यांच्या रस्त्यावरून रिकामा कप आणला असता तरी तो फुटला असता.

रस्ता तसा मोठा नव्हता. डांबरी सडकेपासून मळ्यातल्या घरापर्यंत मोजून दोनशे दहा पावलं. पण उसाच्या ट्रॉल्यांनी दोन्ही बाजूंना वीतभर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मधला उंचवटा म्हशीच्या पाठीसारखा वर आला होता. आजवर त्याची कुणाला अडचण झाली नव्हती, कारण घरातले सगळे गुडघे जन्मापासूनचे होते. आता त्यातला एक, म्हणजे हवालदारांच्या बायकोचा, मनुबाईंचा उजवा, सांगलीच्या डॉक्टरांनी बसवलेला होता. "रोज सपाट जमिनीवर चालायचं, हिसका बसता कामा नये," असं त्यांनी बजावलं होतं.

ऑपरेशननंतर मनुबाई दहा दिवस घरी राहिल्या. मग आष्ट्याला लेकीकडं, क्रांतीकडं, चार दिवस म्हणून गेल्या. त्या चार दिवसांना आता सात आठवडे झाले होते. कधी येतेस म्हणून फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं. "क्रांतीच्या दारात ब्लॉक बसवल्यात. तुमच्या दारात ढेकळं हायत. मी चालू कुठं?"

सात आठवडे हवालदार स्वतःच्या हातची भाकरी खात होते. ती एका बाजूनं करपायची आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची राहायची. सरासरी बरोबर यायची, पण पोट सरासरी खात नाही. आणि खरं दुखणं भाकरीचं नव्हतंच. संध्याकाळी ओट्यावर बसलं की "आगं, ऐकलंस का" असं आपोआप तोंडात यायचं आणि ऐकायला समोर फक्त म्हैस असायची. ती ऐकायची, पण उलट काही बोलायची नाही. त्यात काय मजा?

म्हणून हवालदारांनी रस्ता करायचं मनावर घेतलं. "लडाखात रस्ते केल्यात आमी," हे वाक्य गावाला पाठ होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. हवालदार इंजिनियर पलटणीत एकोणीस वर्षं होते. रस्ते करणाऱ्यांना सकाळी फावडी मोजून देणं आणि संध्याकाळी मोजून परत घेणं, एवढा वाटा त्यांचा नक्की होता.

याकूब मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या दुकानात त्यांनी मोबाइल पुढं धरला. "ह्यो बघा. बॉक्स ब्लेड. साधी फळी मला नको."

याकूबनं चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. ट्रॅक्टरच्या मागं जोडायची, तळ नसलेली लोखंडी पेटी. पुढच्या बाजूला माती उकरायला दाते, मागं माती ओढायला पातं, दोन्ही कडांना पत्रे.

"करून दितो. ट्रॅक्टरची मागची चाकं भाईरनं भाईर किती भरत्यात?"

"लांबनं बघितलं तरी सहा फूट आसतील."

"लांबनं बघून मी लोखंड कापत न्हाई, हवालदार."

मोजलं तर साडेपाच भरलं. मग याकूबनं सहा फुटी पेटी सांगितली. चाकांच्या खुणा पुसून निघायला दोन्हीकडं तीन तीन इंच जादा पुरे. हवालदारांना मात्र आठ फुटी हवी होती.

"रस्ता धा फुटी हाय. आठाची पेटी आसली की एका फेरीत काम."

"आठाची पेटी मातीनं भरली की तुमचा ट्रॅक्टर पुढची चाकं वर करून नमस्कार घालंल. रुंद नको, जड घ्या. हलकं लोखंड मातीवर नाचत बसतंय. जड आसलं की गप बसून काम करतंय."

"म्हंजे माझ्यावानी."

"तुमी गप बसताय कवा?" याकूब म्हणाला आणि सहाचा आकडा पत्र्यावर खडूनं लिहून मोकळा झाला.

पेटी शनिवारी घरी आली. "उद्या सांजच्याला येतो, चालवायचं दावतो," याकूब म्हणाला.

"मला दावताय? आवं, लडाखात आमी..."

"व्हय व्हय. ठावं हाय."

त्याच रात्री जेवताना हवालदारांनी आष्ट्याला फोन लावला. "सोमवारी ये. रस्ता कॅरमबोर्डागत झालेला आसंल."

"बघू," मनुबाई म्हणाल्या.

मनुबाईंच्या भाषेत 'बघू' म्हणजे निम्मा होकार. सात आठवड्यांत तो पहिल्यांदा मिळाला होता. हवालदारांनी करपलेली बाजूसुद्धा खाल्ली.

रविवारी सकाळी त्यांनी दाते पूर्ण खाली घेतले, पेटी टेकवली आणि ट्रॅक्टर सोडला. पहिली पंधरा पावलं अशी झाली की तिथं रांगोळी काढावी. हवालदार तिथंच उतरले असते तर पंधरा पावलांचा का होईना, तालुक्यातला सरस रस्ता त्यांच्या नावावर लागला असता. पण सोळाव्या पावलाला त्यांना वाटलं की पेटी जरा खोल गेली. त्यांनी पेटी उचलायची लिव्हर वर घेतली. मग वाटलं, फारच वर आली. म्हणून खाली. मग जरा वर. मग अंमळ खाली. मागं वळून पाहिलं तर दोनशे पावलं एका लयीत वरखाली होत गेली होती.

"उंचवटे तेवढे छाटले की झालं," असं म्हणून त्यांनी दुसरी फेरी घेतली. आता पुढची चाकं उंचवट्यावर चढली की मागं पेटी जमिनीत घुसायची आणि चाकं खाली उतरली की पेटी हवेत. हवालदारांचा उजवा हात लिव्हरवर हार्मोनियमच्या भात्यासारखा चालत होता. तिसऱ्या फेरीनंतर ते खाली उतरले आणि सवयीनं मोजदाद केली. एकतीस लाटा. गुडघाभर उंचीच्या, एकसारख्या अंतरावर. मुद्दाम करायच्या म्हटल्या तर जमल्या नसत्या.

चौथ्या फेरीला, एकोणिसाव्या लाटेशी, दात्यांनी काहीतरी पकडलं. कट्ट असा आवाज झाला आणि पाण्याचा फवारा थेट सायलेन्सरच्या वर गेला. ही पाइपलाइन सहा वर्षांपूर्वी हवालदारांनीच पुरून घेतली होती. "दोन फूट खोल जाऊ द्या," असं दिवसभर ओरडत ते चरीच्या कडेला उभे होते. ती फुटावरच निघाली. विहिरीवर जाऊन मोटर बंद करेपर्यंत लाटांमधले खळगे भरले. एकतीस तळी तयार झाली, आणि ताजी माती आणि पाणी दोन्ही एकाच ठिकाणी मिळाल्यामुळं बगळ्यांनी तिथंच सभा भरवली.

सडकेवरून सुलाबाई चालली होती. शेजारच्या मळ्यातली ही बाई जे पाहते ते मनात ठेवत नाही. अर्ध्या तासात आष्ट्याहून फोन आला.

"आवं, वाट उकरून टाकलीय म्हणं तुमी."

"कोण म्हणतंय?"

"सुलाबाई. वर पाणी बी सोडलंय म्हणाली. माणूस सोडा, शेळी सुदिक याची न्हाई म्हणाली." मनुबाईंचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. तो खाली गेला, आणि हवालदारांना तेच जास्त लागलं. "मी येऊ नये आसं व्हतं तर चर कशाला खणायची? नको येऊ म्हणायचं. मी काय भांडले आसते?"

"आगं तसं न्हाई. काम चालू हाय. ते जरा..."

जरा काय, ते सांगायचं म्हणजे लडाख मध्ये येत होतं. हवालदार अडखळले, आणि तेवढ्यात फोन बंद झाला.

ते चिखलाचे बूट तसेच ठेवून ओट्यावर बसले. थोड्या वेळानं क्रांतीचा फोन आला.

"आबा, आई देवघरात जाऊन बसलीय. खरं काय ते सांगा."

हवालदारांनी सांगितलं. फेऱ्या, लाटा, पाइप, बगळे, सगळं क्रमानं. क्रांती हसली नाही, यावरून त्यांना परिस्थिती किती गंभीर आहे ते समजलं.

"आबा, एक सांगते. राग धरू नका. आई रस्त्यासाठी हितं राहिलेली न्हाई."

"मग?"

"ऑपरेशननंतरचे दहा दिवस आठवा. डावा पाय आधी. काठी फुडं. टाच टेक. कंबर सरळ. पाणी पी. आत्ता नको, मग पी. तुम्ही एक सूचना केली की आई जोंधळ्याचा एक दाणा वाटीत टाकायची. ती वाटी तिनं सोबत आणलीय. मला दाखवली. म्हणाली, ही एका दिवसाची."

"एका दिवसाची? भरलेली?"

"शिगोशीग."

हवालदार म्हणाले, "मी तिच्या भल्यासाठीच बोलत व्हतो, बाळ."

"ते पण म्हणाली ती. म्हणून तर वाटी फेकली न्हाई."

संध्याकाळी याकूब आला. हात पाठीमागं बांधून तो एक लाट चढत, एक उतरत शेवटापर्यंत जाऊन आला. हसू त्यानं दाढीत कुठंतरी ठेवून दिलं होतं.

"किती झाल्यात?"

"एकतीस."

"मोजल्यात बी!"

"मोजण्यातच नोकरी गेली, याकूबभाई." हवालदार जमिनीकडं बघत म्हणाले. "रस्ते न्हाई केले मी. स्टोअरला व्हतो. फावडी मोजून देत व्हतो."

"ठावं हाय. वहिनींनी धा वर्षांमागं सांगितलंय."

"मग बोलला न्हाई कवा?"

"तुमी इतक्या झोकात सांगता, की ऐकाय बरं वाटतं."

पाइप जोडून माती वाळायला दोन दिवस गेले. बुधवारी याकूब पाना घेऊन आला. दोन फेऱ्या मारून लाटा भुसभुशीत झाल्यावर त्यानं दाते वर उचलून अडकवले, पेटी वरच्या दांड्याला आटे देऊन जमिनीशी समांतर केली, लिव्हर एका खुणेवर आणली आणि तिथला बोल्ट आवळला.

"आता ह्येला हात लावायचा न्हाई. खड्डा आला तरी न्हाई, उंचवटा आला तरी न्हाई. उंचवट्याची माती ती पेटीत घेती, खड्डा आला की सोडती. तिचं काम तिला कळतंय."

"आन मी काय करू?"

"फुडं बघून सावकाश चला."

सहा पावलं झाली आणि हवालदारांचा हात लिव्हरकडं निघाला.

"हात," बाजूनं चालणारा याकूब म्हणाला.

हात मागं आला. दहाव्या पावलाला पुन्हा निघाला.

"हवालदार, हात."

"मी नुसता ठेवत व्हतो."

"ठेवायचा तर मांडीखाली ठेवा."

याकूब थट्टा करत नव्हता. मग एकोणीस वर्षं देशाची सेवा केलेला तो उजवा हात मांडीखाली गेला, आणि डाव्या हातानं स्टिअरिंग धरून हवालदार गोगलगायीच्या चालीनं निघाले. खड्डा दिसला की मांडीखालचा हात पिशवीतल्या मांजरासारखा वळवळायचा. पेटी खड्ड्यावरून जायची आणि मागं खड्डा राहायचा नाही. पाचव्या फेरीला लाटा निम्म्या झाल्या. आठव्या फेरीला त्यांच्या नुसत्या खुणा उरल्या. मग याकूबनं पेटी एका अंगाला किंचित कलती करून दिली. "मधी चार बोटं उंच ऱ्हाऊ द्या. पाणी दोन्हीकडं निघून जाईल. कॅरमबोर्डावर पाणी तुंबतंय."

हवालदारांना यावर बरंच बोलायचं होतं. पण हाताला मुंग्या आल्या होत्या, त्या नादात राहून गेलं.

अकराव्या फेरीनंतर ते उतरले. रस्ता होता. एवढा शहाणा रस्ता आपण केला, यावर त्यांचा विश्वास बसेना, आणि बऱ्याच अंशी तो त्यांनी केलाही नव्हता.

त्या दिवशी बाजारात कुणाला काही सांगितलं गेलं नाही. आष्ट्याला फोन तेवढा गेला.

"ते उकरलं व्हतं ते रस्त्यासाठीच. माझ्या हातनं बिघडलं व्हतं. याकूबभाईनं नीट करून घेतलं. ये म्हणत न्हाई. तुला वाटंल तवा ये."

हवालदारांनी फोन कानापासून काढून तो चालू आहे ना, ते पाहिलं.

"आवं," मनुबाईंनी काळजीच्या आवाजात विचारलं, "तब्येत बरी हाय न्हवं तुमची?"

गुरुवारी दुपारी क्रांतीची गाडी सडकेवर आली आणि तिथंच थांबली. मनुबाई काठी घेऊन खाली उतरल्या.

"चालत येते. बघू तरी, कसा केलाय."

बॉनेटवर कप ठेवायची आठवण कुणालाच झाली नाही, त्यामुळं मिशीचा प्रश्न निघाला नाही.

मनुबाई चालू लागल्या. हवालदार बाजूनं. उजवा हात पँटीच्या खिशात. विसाव्या पावलाला मनुबाईंची काठी वाकडी पडली. खिसा हलला. साठाव्या पावलाला टाच नीट टेकली नाही. हवालदारांनी उसाकडं पाहिलं. शंभराच्या पुढं त्या जरा वाकून चालू लागल्या आणि हवालदारांचा चेहरा असा लाल झाला की मागून हळूहळू गाडी आणणाऱ्या क्रांतीला त्यांच्या रक्तदाबाची शंका आली. दोनशेव्या पावलाला मनुबाई थांबल्या, मागं वळून त्यांनी सगळा रस्ता एकदा नजरेखालून घातला.

"बरा झालाय," त्या म्हणाल्या. "हिसका न्हाई बसला कुठं."

हवालदारांनी नुसती मान हलवली. तोंड उघडणं धोक्याचं होतं.

राहिलेली दहा पावलं झाली. अंगण आलं. ओटा आला. मनुबाईंनी पाय उचलला.

"पायरी हाय," हवालदार म्हणाले.

मनुबाईंचा पाय तसाच थांबला. ही पायरी त्या एकतीस वर्षं चढत होत्या. त्यांनी हवालदारांकडं पाहिलं, काठी काखेला लावली आणि पदराची गाठ सोडली. त्यातून जोंधळ्याचा एक दाणा काढला, हवालदारांचा डावा हात ओढून त्यावर ठेवला आणि पुन्हा गाठ मारली.

हवालदारांनी दाणा मुठीत धरला. मग त्यांचं लक्ष गाठीकडं गेलं. ती चांगली लिंबाएवढी होती. नजरेच्या अंदाजानंच त्यांनी हिशोब केला. कमी बोललं तर वर्षभर पुरतील एवढे दाणे होते.

म्हणजे राहायच्या तयारीनं आली होती.