अंबाड्यातला टेस्टर

बायका अंबाड्यात काय खोवतात? गजरा, फार तर एखादं गुलाबाचं फूल. आमच्या कौसाकाकू टेस्टर खोवतात. लाल मुठीचा, खोबरेल तेलानं चकचकीत झालेला टेस्टर. सकाळी वेणीफणी झाली की तो अंबाड्यात आडवा जातो. लग्नकार्याला निघाल्या तर त्याच्याशेजारी अबोलीचा गजरा येतो, पण टेस्टर हलत नाही. "लग्नघरात बी मिक्सर बंद पडतोच की," असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगते, पडतोच.

निफाडजवळच्या वस्तीवरच्या शाळेत मी शिक्षिका. काकूंच्या घराला लागून असलेल्या खोलीत भाड्यानं राहते. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात माझा पंखा बंद पडला. मी सातवीच्या पोरांना वीज शिकवते, फळ्यावर बल्ब काढून तो पेटवूनही दाखवते. पण खऱ्या वायरीला हात लावायची माझी छाती होत नाही. काकू आल्या, स्टुलावर चढल्या आणि माझ्या हातात बॅटरी कोंबून म्हणाल्या, "धरा. हलवू नका. माझ्या डोळ्यात नाय, कामावर मारा." पाच मिनिटांत पंखा फिरायला लागला. खाली उतरून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्याडम, पोरांना नेमकं काय शिकवता हो तुम्ही?" मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.

"बॅटरी धरा" हे काकूंचं पालुपद. वस्तीवर असा माणूस नसेल ज्यानं त्यांच्यासाठी कधी बॅटरी धरली नाही. भाऊसाहेब काका तर लग्न झाल्यापासून तेच करताहेत. फवारणीचा पंप, शिलाई मशीन, विहिरीवरची मोटर, सगळं काकू दुरुस्त करणार आणि काका उजेड पाडणार. टाकून द्यायचं म्हणून त्या घरात काही नसतंच. ठिबकच्या फुटक्या नळीवर कपडे वाळतात, जुन्या साड्या द्राक्षांना उन्हापासून झाकायला बागेत जातात आणि कोंबडी बंद पडलेल्या कूलरच्या पेटीत अंडी उबवते. एक मात्र काकूंना सहन होत नाही. दुसऱ्यानं कामाला हात लावलेला. लगेच येतात आणि म्हणतात, "सरा बाजूला, तुम्हाला नाय जमायचं."

त्यांचा एकुलता एक योगेश पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्याचंही बालपण बॅटरी धरण्यातच गेलं. दहा वर्षांचा असताना त्यानं घरातला रेडिओ उघडला होता. काकूंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि दोन मिनिटांत जोडून टाकला. ही गोष्ट काकू नेहमी कौतुकानं सांगायच्या. कौतुक अर्थात स्वतःचं.

गेल्या दिवाळीत तो आला होता, तेव्हा नेमकी मोटर बंद पडली. तो बाह्या सारून पुढे झाला. काकूंनी त्याला कोपरानं ढकललं. "सर रे. तू बॅटरी धर." योगेश हसला, बॅटरी काकांच्या हातात दिली आणि म्हणाला, "धरायला आण्णा हायेत. माझं इथं काय काम हाय, आई?" गमतीतच म्हणाला. पण त्यानंतर वर्ष होत आलं तरी तो फिरकला नाही. पोळ्याला नाही, गणपतीला नाही. रविवारी फोन यायचा. काकू तो स्पीकरवर टाकायच्या, त्यामुळे मलाही भिंतीपलीकडून पाठ झाला होता.

"सगळं चालूय ना, आई?"

"चालूय."

"मोटर?"

"चालूय."

"मग ठीक."

संपला फोन. काकू पुढे काही बोलायला तोंड उघडायच्या, तोवर तिकडून बंद झालेला असायचा.

गेल्या महिन्यात एके दिवशी शाळेतून येते तो दारात काकू उभ्या. क्षणभर ओळखूच आल्या नाहीत. अंबाडा मोकळा होता. त्यांनी पदराआडून टेस्टर काढून माझ्या हातात दिला. "ह्यो तुमच्याकडं ठेवा. योगेश शनिवारी येऊ ऱ्हायला. मीच सांगितलं त्याला, मोटर बंद पडली म्हणून."

"पण सकाळी तर मेथीला पाणी चालू होतं!"

"सकाळी होतं," काकू शांतपणे म्हणाल्या. "दुपारी मी एक वायर सोडली."

शनिवारी योगेश आला नाही. ऑफिसात काम निघालं, पुढच्या शनिवारी येतो, असा निरोप आला. इकडे वाफ्यातली मेथी माना टाकायला लागली. काकू शेजारच्या मळ्यातून हंडे वाहू लागल्या. काका हंडे वाहताना काही बोलत नसत, पण हंडा ठेवताना फार मोठा आवाज करत. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. टेस्टर घेऊन गेले आणि शाळेतल्या आवाजात सांगितलं, "काकू, जोडा ती वायर. सगळी मेथी वाळवाल."

त्यांनी टेस्टर घेतला नाही. बांधावर बसल्या.

"मेथी परत पेरता येती, म्याडम. पोरगं आता पंधरा-पंधरा मिनिटं बोलतं फोनवर. आवाज येतो का, वास येतो का, सगळं इचारतं. मी म्हणते, मला काय कळतं त्यातलं." त्या हसल्या, मग हसू ओसरलं. "लहानपणी कशाला म्हणून हात लावू दिला नाय त्याला. भ्या वाटायचं, शॉक बसंल. आन् मोठा झाला तरी माझी तीच खोड. आता त्याला वाटतंय, आईला आपली गरजच नाय. लय चुकलं माझं."

मला खूप वाईट वाटलं. टेस्टर परत नेऊन माझ्या पेनांच्या डब्यात ठेवला आणि संध्याकाळी मीही दोन हंडे वाहिले.

पुढच्या शनिवारी दुपारी योगेश आला. बॅग खांद्यावरच होती, तसाच विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत शिरला. तिथं भर दुपारीही डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही.

"टेस्टर हाय का, आई?"

काकूंचा हात सवयीनं अंबाड्याकडे गेला आणि रिकामाच खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन टेस्टर आणला. योगेशनं तो हातात घेतला, बोटांना लागलेलं तेल अंगठ्यानं चोळून पाहिलं. मग मोबाइलच्या उजेडात स्टार्टरची पेटी उघडली. आत एकच वायर सुटलेली होती. तुटलेली नव्हे, नीट सोडवलेली. आणि पोराला चुकूनही शॉक बसू नये म्हणून तिच्या टोकाला चिकटपट्टीचे चांगले चार वेढे दिलेले होते.

योगेश त्या चिकटपट्टीकडे बराच वेळ पाहत राहिला. काका दारातून उगाचच आभाळाकडे बघायला लागले.

"अवघड दिसतंय," शेवटी तो म्हणाला. "वेळ लागंल."

काका सवयीनं बॅटरी घेऊन पुढे झाले.

"आण्णा, तुम्ही बसा. आई, तू धर."

एका वायरीला योगेशनं पाऊण तास लावला. पेटीतला एकेक स्क्रू काढला, पुसला, परत बसवला. जे काम काकूंनी दोन मिनिटांत उरकलं असतं, त्यासाठी त्या बॅटरी धरून उभ्या होत्या. मध्येच "अरे, तो स्क्रू उल..." एवढं त्यांच्या तोंडून निसटलं. उरलेलं त्यांनी गिळलं. चाळीस वर्षांत त्यांनी प्रथमच कुणाला काही सांगायचं टाळलं असेल.

थोड्या वेळानं उजेड थरथरायला लागला. योगेशनं मान वळवली नाही.

"आई, हलवू नको. कामावर मार."

"मारते रे," काकू म्हणाल्या, आणि मोकळ्या हातानं डोळ्यांना पदर लावला.