ध्येय गाठेपर्यंत दाबा

क्षमाच्या मजकुरातला ‘नको’ हा शब्द नंदकुमार सरांच्या डोळ्यांत खुपला आणि पुढचा सगळा तमाशा तिथून सुरू झाला.

पवईतल्या त्या कंपनीने एक एआय एजंट बनवला होता. माणसाच्या जागी ब्राउझर उघडायचा, वेबसाइटवर जायचं, रकाने भरायचे, बटणं दाबायची, एवढंच त्याचं काम. पण हातातलं कुठलं साधन कधी चालवायचं आणि कधी हात आवरायचा, हे त्याला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. लिहिलंय तेवढंच खरं मानून तो चालतो. हे लिहायचं काम क्षमाचं. ‘क्लिक’ या साधनाखाली तिने लिहिलं होतं : ‘बटण एकदाच दाब. पान हललं नाही तरी पुन्हा दाबू नको. आधी स्क्रीनशॉट काढून काय झालंय ते बघ.’

“अगं, किती निगेटिव्ह!” सर म्हणाले. सर नुकतेच लोणावळ्याला सकारात्मक भाषेच्या शिबिराला जाऊन आले होते. येताना स्टाफसाठी चिक्की आणि हा आजार घेऊन आले होते.

“सर, हे एजंटसाठी आहे. त्याला मन नाही दुखवून घ्यायला.”

“पण क्लायंट वाचतो ना! नको, नाही, थांब... आपण काय बिल्डिंगचे वॉचमन आहोत?”

क्षमा ऐकून घरी गेली. ती गेल्यावर सरांनी ते वाक्य खोडलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘क्लिक : ध्येय गाठेपर्यंत उत्साहाने पुढे नेणारं प्रभावी साधन!’ उद्गारचिन्हासकट. आणि घरी जाऊन सर शांत झोपले.

क्षमाचं डोकं तेव्हा वेगळ्याच गोष्टीत होतं. तिचा होणारा नवरा यज्ञेश बोटीवर नोकरीला. तो जहाजावर चढायच्या आत साखरपुड्याला एकच रविवार हाताशी होता. मुलुंडच्या मंडळाच्या हॉलचं ऑनलाइन बुकिंग सकाळी दहाला उघडणार, आणि नेमका दहालाच ऑफिसात क्लायंटला एजंट दाखवायचा डेमो.

“हॉल नाय मिळाला तर आई म्हणते मालवणात करूया,” यज्ञेश फोनवर म्हणाला. “मग तुझं अख्खं गोत बसमध्ये भर, आणि चुलत्यांच्या ओकाऱ्या तू सांभाळ.”

“गप रे. एजंटलाच लावते कामाला. डेमोचा डेमो, हॉलचा हॉल.”

सरांनाही कल्पना झकास वाटली. दहाला एजंटने साइट उघडली, रविवार निवडला, क्षमाचं नाव भरलं, बटण दाबलं. तारीख तिथेच मिळाली होती. पण मंडळाची साइट ती. गोल गोल चक्र फिरत बसली. एजंटला ध्येय दिसेना, म्हणून त्याने उत्साहाने पुन्हा दाबलं. साइट म्हणाली, ‘ही तारीख गेली. पुढची मोकळी तारीख हवी?’ ती गेली होती क्षमालाच, पण हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? त्याने दाबलं. मग त्याच्या पुढची. मग त्याच्या पुढची.

“हे असंच करायचं असतं का?” क्लायंटकडून डेमो बघायला आलेल्या सौरभने विचारलं.

“याला स्केल म्हणतात, म्हणजे कामाचा आवाका,” सर म्हणाले.

“सर, थांबवा त्याला!” क्षमा ओरडली.

“निगेटिव्ह नको,” सर ओठ न हलवता पुटपुटले.

तारखा संपल्या तेव्हाच एजंट थांबला. सौरभ घाईघाईने निघून गेला आणि मंडळाच्या चंद्रप्रकाश काकांचा फोन आला. “ताई, किती लग्नं करताय?”

“एकही नाही काका, साखरपुडा आहे.”

“मे महिना संपेपर्यंत हॉल तुमच्या नावावर पडलाय! लोक मला शिव्या घालतायत. सगळ्या तारखा सोडा.”

“सोडते. फक्त पहिली राहू द्या ना!”

“जमणार नाही. तारखा अडवून ठेवणाऱ्या दलालांसाठी नियमच आहे आमचा, सोडायच्या तर सगळ्या. खरंच चूक असेल, तर ज्याने केली त्याने फोन करून कबूल करावं. मग बघू.”

सरांनी बदललेलं वाक्य क्षमाने उघडून वाचलं आणि ती तडक त्यांच्या केबिनमध्ये गेली. “सर, एक फोन करा. वाक्य तुम्ही बदललंत एवढंच सांगा.”

“चूक म्हणायचं नसतं गं. शिकण्याची संधी म्हण.”

“मग काकांना सांगा, शिकण्याची संधी तुमची होती.”

“आत्ता मीटिंग आहे,” सर म्हणाले आणि समोरच्या बटाटेवड्याबरोबर मीटिंगला बसले.

चारच्या सुमाराला तेच सर क्षमाच्या टेबलापाशी आले. तोंड उतरलेलं. “अगं, मिसेसचा फोन होता. आमच्या लेकीच्या, दिशाच्या लग्नाचा मुहूर्त निघालाय. हॉल तोच. गुरुजी दुसरी तारीख देत नाहीत, आणि मंडळवाले म्हणतात, सगळं कुणा क्षमाबाईंनी अडवलंय. सोडशील ना आमची तेवढी?”

“सर, तुमच्या भावनांचा मी आदर करते.”

“म्हणजे हो?”

“या प्रवासात आपण सोबत आहोत.”

“अगं, हो की नाही?”

“योग्य वेळी योग्य ते घडेलच, सर.”

“नाही तर नाही म्हण ना! स्पष्ट बोल! माणसाला कळलं तर पाहिजे काय करायचं ते!”



“मी एजंटला हेच लिहून दिलं होतं,” क्षमा म्हणाली आणि काकांचा नंबर लावून तिने फोन पुढे सरकवला.

सरांनी घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा खाकरला. “हॅलो... चंद्रप्रकाशजी? ती चूक... चूक माझी.” एवढं बोलताना त्यांचं लोणावळ्याचं सगळं शिबिर वाया गेलं. काका विरघळले. क्षमाचा रविवार राहिला, दिशाचा मुहूर्त सुटला, बाकी मे महिना लोकांना परत मिळाला.

“आता माझं वाक्य,” क्षमा उठून खुर्ची देत म्हणाली.

सर बसले. जुनं वाक्य जसंच्या तसं परत घातलं, ‘नको’सकट, आणि ‘सेव्ह’ दाबलं. पान जागचं हललं नाही. चक्र गोल गोल फिरत राहिलं. सरांचं बोट पुन्हा वर उचललं गेलं.

“सर,” क्षमा म्हणाली, “आधी बघा.”