बुधवारी सुकटीचा भरडा निघाला, त्याची हकीकत

खाडीकाठचे भाईंदर येथील पंढरीनाथांचे चक्कीचा इतिहास जाणत्यांचे मुखें ऐकिला, तो येणेंप्रमाणें. पेशजी या मुलखी भातशेती व मिठागरें नांदत असतां पंढरीनाथांचे आजोबांनी चक्की उभारिली, आणि रयतेचे तांदूळ व गुराकोंबड्यांचा भरडा एकाच दगडांखाली काढिला. मग शेतें गेली, गुरें गेली, जेसल पार्काकडून इमारतींची फौज चालून आली, परंतु चक्की हटली नाही. कानू ऐसा की, कोंबड्यांचा सुकट घातलेला भरडा शनिवारी सायंकाळी सर्वांचे अखेरीस निघावा, आणि मागाहून दगडांतून तूस फिरवून वास काढावा.

ऐशियांत निशिगंधाबाईंनी सातवे मासी कन्या चांदणी इचे उष्टावण योजिलें. मुहूर्त बुधवारी, भर दुपारी बारांचा. पहिला घास नाचणीचा, आणि तोही आपले हातचा, ऐसा पण. मग नाचणी भिजविली, मोड आणिले, गच्चीवर तीन दिवस कबुतरांशी झुंजून वाळविली, आणि सकाळीच डबा चक्कीवरील डब्यांचे रांगेत दुसरे जागी उभा करून आपण कन्येस पाजावयास घरी गेल्या.

घात तेव्हांच जाहला. पंढरीनाथ लग्नास परगांवी, गादीवर चिरंजीव जितेंद्र नवे, त्यांस वारांचा कानू ठाऊक नाही. पहिले जागी कुक्कुटाधिपती बाळारामबुवांचें पोतें होतें, तें त्यांनी बेलाशक दळिलें. वास ऐसा सुटला की रस्त्यावरील रिक्षावाल्यांनी नाकास रुमाल लाविले.

बाई परतल्या तों रांगेत अपूर्व सौजन्य. जी मंडळी डबा बोटभर सरकला तरी रण माजवीत, तीच म्हणों लागली, "ताई, तुमचाच नंबर, व्हा ना पुढे!" कारण पुढील दळण ज्याचें, सुकटीचा वास त्याचे पिठांत. जितेंद्रांनी अर्ज केला, "तूस संपलंय वहिनी. संध्याकाळी करू का?" बाईंस रडूं कोसळलें, तरी डबा पोटाशी धरून फर्माविलें, "मुहूर्त काय संध्याकाळपर्यंत थांबतोय?"

तेव्हां रांगेचे शेवटास बसलेल्या रखमाबाई, बाळारामबुवांचें कुटुंब, भाकरीचे पाच शेर नवे तांदूळ घेऊन उठल्या, आणि हुकूम सुटला, "वत ते चक्कीत!"

भरड्याचें पोतें बांधीत असलेले बुवा दचकून वदले, "अगो, न भाकरीचं काय?"

"आज भात खा, मरत न्हाय तू! पोरीचा पयला घास हाय."

मग पाचही शेर तांदूळ दगडांत पडले, सुकटीचा सारा वास अंगावर घेऊन पीठ होऊन बाहेर आले, आणि कोंबड्यांचे पदरी गेले. मग नाचणी दळिली. जितेंद्रांनी तीन वेळां हुंगिली, रखमाबाईंनी चिमूट जिभेवर ठेविली, आणि "जा, पल आता!" म्हणून बाईंचे पाठीवर थाप दिली. बाई धांवल्या.

बारांचे ठोक्यास वाटी व चमचा चांदणीसमोर रुजू जाहले. कन्येने पहिला घास तोंडात घेतला, गनीम पाहावा तैसें तोंड वाकडें केलें, आणि निम्मा हनुवटीवरून आईचे नव्या साडीवर सोडिला. मग कन्येने विचार केला, आणि कोणीं न सांगतां, चिमणीचे पिलाप्रमाणें तोंड पुनः उघडिलें.

फत्ते जाहली. वाटी रिकामी, साडी कामी आली, दप्तरी नोंद असे.